मशिदीतल्या खुर्च्या आणि आपला दस्तरखान

शहरातली कोणतीही मोठी मशीद पाहा. सफच्या टोकाला किंवा मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. पूर्वी तिथे दोन-चार वयोवृद्ध बुजुर्ग बसत. आता त्या खुर्च्यांवर पन्नाशीतले आणि कधी कधी चाळिशीतलेही लोक नमाज अदा करताना दिसतात. ज्याला उभे राहणे किंवा सजदा करणे शक्य नाही त्याला बसून नमाज अदा करण्याची मुभा शरियतने दिली आहे, त्यामुळे त्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. पण सजद्यातून हाताचा आधार न घेता उठण्याची ताकद आपल्या पायांतून इतक्या लवकर का जाते आहे, हा प्रश्न मात्र आपण विचारला पाहिजे.

हा प्रश्न फक्त गुडघ्यांचा नाही. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ गिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयोगटातील २,००२ लोकांची एक साधी चाचणी घेतली. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. हात, गुडघा, कोपर यांचा जितका आधार घ्यावा लागेल तितके गुण कमी. त्यानंतर सुमारे सहा वर्षे या लोकांवर लक्ष ठेवले. ज्यांचे गुण सर्वांत कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांपेक्षा पाच पटींहून जास्त आढळले. जमिनीवरून उठता न येणे हे मृत्यूचे कारण नव्हे, पण शरीराच्या आत काय चालले आहे याची ती खूण आहे. आपल्याकडे ही चाचणी दिवसातून पाच वेळा होते, तरी तिचा निकाल आपण वाचत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या व्यवसायातल्या अनेकांना दीर्घायुष्याचे मोठे वेड आहे. दंडाला साखर मोजणारे यंत्र, महागड्या गोळ्या, झोप मोजणारी अंगठी यांवर लोक हजारो रुपये खर्च करतात. पण निरोगी म्हातारपणाबद्दल विज्ञानाला जे खात्रीने ठाऊक आहे त्याचा मोठा भाग स्वस्त आहे आणि त्याचा निकाल वयाच्या तिशी ते पन्नाशीत, घरच्या स्वयंपाकघरात आणि समाजाच्या दावतीत लागतो. म्हणूनच हा विषय एकेकट्याच्या शिस्तीवर सोडून चालणार नाही. तो मशिदीच्या ट्रस्टींचा, जमातीचा, बैतुलमालचा आणि आपल्यासारख्या सामाजिक चळवळींचाही विषय आहे.

आयुष्य वाढले, निरोगी वर्षे किती वाढली?

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या आसपास आहे. लसी, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके आणि सुरक्षित बाळंतपण यांचे हे यश. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत, तर ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे वाढलेल्या वर्षांपैकी बरीच वर्षे गोळ्या, इन्सुलिन, अधू झालेले डोळे आणि थकलेली मूत्रपिंडे यांच्या सोबतीने काढावी लागतात.

यावर हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘मी कुठे जाडा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच मिळालेले आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची. वजनात एवढा फरक असूनही आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

आपण वरून सडपातळ आणि आतून चरबीदार असू शकतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर तपासणी करून घ्यावी, असा ढोबळ नियम आहे.

पोटावरची चरबी आणि मंद दाह

आपण पाव, भात, बिर्याणी, शीरखुर्मा खातो तेव्हा त्याची साखर होऊन रक्तात येते. इन्सुलिन हे संप्रेरक ती साखर पेशींत पोहोचवते आणि तिचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू म्हणजे या साखरेचे गोदाम. गोदाम मोठे असेल आणि रोजच्या हालचालीने रिकामे होत असेल, तर जेवणातली साखर सहज सामावते. गोदाम लहान आणि सदा भरलेले असेल, तर यकृत जादा साखरेची चरबी बनवते. ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठते.

ही आतली चरबी निवांत पडून राहत नाही. तिच्यात रोगप्रतिकारक पेशी शिरतात आणि जणू शरीरात जखम झाली आहे अशा थाटात दाह निर्माण करणारी रसायने सोडत राहतात. या रसायनांमुळे इन्सुलिनचा प्रभाव आणखी कमी होतो आणि स्नायूही झिजतात. स्नायू कमी झाले की साखर आणखी वाढते. असे हे चक्र वर्षानुवर्षे, दुखल्या-खुपल्याशिवाय फिरत राहते. इटलीतील संशोधक क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली वयासोबत वाढणाऱ्या या मंद दाहाला एक स्वतंत्र नाव दिले आणि तेव्हापासून वृद्धत्वाच्या अभ्यासात तो केंद्रस्थानी आला. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार आणि स्मृतिभ्रंश या सर्वांमागे त्याचा हात दिसतो.

रोगप्रतिकारशक्तीचा प्रश्न इथेच येतो. जे सैन्य विनाकारण सतत लढत राहते, ते खरा शत्रू आल्यावर कमी पडते. मधुमेह असलेल्या व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. कोविडच्या काळात मधुमेही आणि स्थूल रुग्णांची प्रकृती जास्त वेगाने बिघडत होती.

पण अतिखाण्याइतकेच कमी खाणेही प्रतिकारशक्ती मोडते, हे विसरून चालणार नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरातील सुमारे १० हजार लोकांचा पाठपुरावा केला. निम्म्या गटातील घरांना धान्य, डाळ अशी शिधापेटी दरमहा दिली. ज्या घरांत ती पोहोचली तिथल्या इतर माणसांत क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. लस नाही, नवे औषध नाही, फक्त पुरेसे अन्न. भिवंडी, मालेगाव, गोवंडीसारख्या वस्त्यांना या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. तिथे एकाच गल्लीत एका घरी क्षय असतो आणि शेजारच्या घरी मधुमेह. कधी दोन्ही एकाच माणसाला असतात.

उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत दोनशेहून अधिक निरोगी, स्थूल नसलेल्या लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाने आपला आहार सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास घटवला. येल विद्यापीठातील विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की या लोकांच्या थायमस ग्रंथीतली चरबी कमी होऊन तिचा कार्यक्षम भाग वाढला. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी प्रतिकारशक्तीच्या टी पेशी घडवते आणि वयानुसार आक्रसत जाते. रोजच्या ताटातून आठवा हिस्सा कमी करणे कोणत्याही महागड्या गोळीपेक्षा सोपे आणि फुकट आहे. अर्थात हे भरल्या ताटासाठी. ज्याचे ताट अर्धेच आहे त्याने ते आणखी कमी करायचे नाही.

रमजानला विज्ञानाचे सर्टिफिकेट कशाला?

दरवर्षी रमजानच्या आधी व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरतो: जपानी शास्त्रज्ञाने रोज्यामुळे कर्करोग बरा होतो हे सिद्ध केले आणि त्याला नोबेल मिळाले. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले हे खरे. पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग कसे मोडून पुन्हा वापरतात, याची यंत्रणा त्यांनी उलगडली. पण ते काम प्रामुख्याने यीस्टच्या पेशींवर होते. रोजा, रमजान किंवा कर्करोगाच्या उपचाराशी त्या पुरस्काराचा संबंध नाही.

रोजा ही इबादत आहे. तिला नोबेलच्या आधाराची गरज नाही आणि खोट्या आधाराने तिचा मान वाढत नाही. रोज्याच्या महिन्यात वजनाचे काय होते, यावर मात्र बराच खरा अभ्यास झाला आहे. सरासरी किलो-दीड किलो वजन कमी होते आणि ईदनंतर काही आठवड्यांत ते बहुतेक परत येते. दिवसभर पोट रिकामे ठेवून मगरिबनंतर समोसे, भजी, फालुदा, मालपुवा आणि रात्री उशिरा नल्ली-निहारी असा बेत असेल तर दुसरे काय होणार? पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण बयानात ऐकतो. इफ्तारच्या दस्तरखानावर मात्र ती आठवत नाही.

याहून गंभीर बाब मधुमेहींच्या रोज्याची आहे. १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेहींच्या एका पाहणीत असे दिसले की टाइप २ मधुमेहाच्या जवळपास ७९ टक्के रुग्णांनी महिन्यात किमान १५ रोजे धरले आणि त्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग कित्येक पटींनी वाढले. कुरआनने सूरह अल-बकरामध्ये आजारी माणसाला स्पष्ट सवलत दिली आहे. ती नाकारून बेशुद्ध पडणे ही तकवा नव्हे. मधुमेहींनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून रोजा धरावा की नाही, धरला तर औषधांच्या वेळा आणि मात्रा कशा बदलाव्यात हे ठरवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. हा निरोप रजबच्या जुम्म्याला मिंबरवरून दिला गेला तर तो कोणत्याही पोस्टरपेक्षा जास्त घरांत पोहोचेल.

‘मटणामुळे होते’ आणि ‘गरिबाला काय परवडते’

मुसलमानांच्या तब्येतीचा विषय निघाला की बाहेरचे लोक मटणाकडे बोट दाखवतात आणि आपण बचावाच्या पवित्र्यात जातो. दोन्ही बाजूंचे लक्ष चुकीच्या ठिकाणी आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीतले आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्यानुसार भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतात, तर प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. हे सर्व धर्मांच्या, शाकाहारी आणि मांसाहारी अशा सर्व भारतीयांबद्दल आहे. नुसती पांढऱ्या भाताऐवजी गव्हाची किंवा बाजरीची चपाती घेऊन धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टमय पदार्थांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासळी यांतली प्रथिने घेणाऱ्यांमध्ये मात्र मधुमेहाची शक्यता कमी दिसली. लाल मांसाच्या बाबतीत असा फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या घरातला रोजचा आहार बघा. सकाळी चहासोबत पाव, खारी किंवा बटर. दुपारी भाताचा ढीग आणि वर पातळ सालन. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट. मटण-बिर्याणी ही जुम्म्याची किंवा दावतीची गोष्ट. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या ताटात प्रथिने कमीच असतात. घरातल्या बाईच्या ताटात तर सर्वांचे जेवण झाल्यावर उरते ते, म्हणजे रस्सा आणि भात.

इथे ‘परवडत नाही’ हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात किंवा मोफत मिळतो, डाळ आणि अंडी बाजारभावाने घ्यावी लागतात. रेशनमध्ये डाळ द्या ही मागणी म्हणूनच आरोग्याची मागणी आहे आणि ती आपण नागरिक म्हणून लावून धरली पाहिजे. तोवर चहासोबतच्या बिस्किटांचा आणि कोल्ड्रिंकचा पैसा उकडलेले चणे, मसूर, अंडे, कोकणात असाल तर बांगडा याकडे वळवता येतो. बाईने शेवटी नाही, सर्वांसोबत जेवायचे, या बदलाला तर एक रुपयाही लागत नाही.

चालण्याचेही तसेच. पुरुष निदान मशिदीपर्यंत चालत जातो. दाट वस्तीतल्या बाईला ना मैदान, ना बाग, ना ‘फिरायला चालले’ असे म्हणण्याची सोय. गरोदरपणात जिची साखर वाढली होती तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका कित्येक पट असतो, आणि तिलाच हालचालीची संधी सर्वांत कमी.

डायलिसिसच्या आधी

काही जण म्हणतील, मौतची वेळ ठरलेली आहे, मग एवढी चिंता कशाला? वेळ अल्लाहच्या हाती आहे यावर आपला ईमान आहे. पण शरीर ही अमानत आहे, आणि आधी उंट बांधून मग तवक्कल करण्याची शिकवणही आपलीच आहे. दोन वर्षे जास्त जगण्याची हाव धरा असे कोणी म्हणत नाही. जितके आयुष्य लिहिलेले आहे त्यातली शेवटची दहा-पंधरा वर्षे मुलांच्या कमाईवर आणि रुग्णालयाच्या खाटेवर जाऊ नयेत, एवढाच मुद्दा आहे.

आपल्या समाजात देणाऱ्यांची कमतरता नाही. रुग्णाच्या डायलिसिससाठी मशिदीत आवाहन झाले की रुमाल भरतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दरवेळी चार तास, आणि तेही आयुष्यभर. ही मदत चालूच राहिली पाहिजे. पण दीर्घकाळच्या मूत्रपिंड विकाराचे देशातले सर्वांत मोठे कारण मधुमेह आहे, आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचायला बहुधा दहा-पंधरा वर्षे घेतो. त्या दहा-पंधरा वर्षांत आपला पैसा आणि आपली संघटना कुठे असते?

माझी सूचना झारखंडच्या प्रयोगावरून सुचलेली आहे. तिथे रुग्णासोबत त्याचे घर पाहिले गेले. आपल्या ट्रस्टांनीही तसेच करावे. एखाद्या रुग्णाला डायलिसिस, बायपास किंवा पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मदत दिली की त्याच घरातील ३० वर्षांवरील प्रत्येकाची साखर, रक्तदाब आणि कंबर मोजली गेलीच पाहिजे. आनुवंशिकता तीच, स्वयंपाकघर तेच, त्यामुळे पुढचा रुग्ण बहुधा त्याच छताखाली आहे. यासाठी मोठा खर्चही नाही. ३० वर्षांवरील लोकांची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी हा सरकारचाच कार्यक्रम आहे. नागरी आरोग्य केंद्र, आपला दवाखाना, आशाताई यांना गाठून तो आपल्या मोहल्ल्यात आणायचा आहे. जकातीचे हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत, त्याबद्दल उलेमांचा सल्ला घ्यावा. सदका आणि ट्रस्टच्या सर्वसाधारण निधीला ती अडचण येत नाही.

याच्या जोडीला चार साधी कामे. दर तीन महिन्यांनी एका जुम्म्याला मशिदीबाहेर तपासणीचे टेबल, आणि स्त्रियांसाठी मदरशाच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये वेगळी सोय. सामुदायिक इफ्तारमध्ये तळणाच्या जागी चणे, अंडी, फळे आणि साधे पाणी. वलीम्यात एकच मुख्य पदार्थ, कोल्ड्रिंक बंद, आणि असे करणाऱ्या घराला कोणी कंजूस म्हणू नये यासाठी आधी जमातीच्या प्रतिष्ठितांनी आपल्या घरापासून सुरुवात करावी. आणि महापालिका शाळेचे मैदान सकाळी एक तास फक्त स्त्रियांच्या चालण्यासाठी उघडे मिळावे म्हणून नगरसेवकाकडे सह्यांचे निवेदन.

या यादीत नवे किंवा अवघड काही नाही. आपल्याकडे दिवसातून पाच वेळा माणसे एकत्र येतात, आठवड्यातून एकदा अख्खा मोहल्ला ऐकायला बसतो आणि वर्षातून एक महिना सर्वांच्या जेवणाच्या वेळा एकाच वेळी बदलतात. आरोग्याची चळवळ उभी करण्यासाठी याहून चांगली रचना दुसऱ्या कोणत्या समाजाकडे असेल? पुढच्या ट्रस्टच्या बैठकीत एक ठराव मांडा: रुग्णाला मदत, आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरच्यांची तपासणी. सुरुवात एका घरापासून झाली तरी पुरे.